बी नेमकी कुठे टांगलेली असते?

दादर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडून मटार, भेंडी, लहानशी कच्ची पपई, हिरवी मिरची आणि कच्चा टोमॅटो आणा. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने गर चेचला जातो, बिया जागा सोडतात आणि जे बघायचं तेच हातचं जातं.

आधी मटार. शेंग म्हणजे मधोमध दुमडून कडा शिवलेलं एक पानच. या पानाला किंजदल म्हणतात. पाठीला त्याची मधली शीर, पुढे शिवण आणि दाणे लागलेले असतात ते शिवणीला, बारीकशा देठाने. शिवणीवर नखाने शेंग उघडा. एक दाणा उजव्या फाकेत, पुढचा डावीकडे, त्यापुढचा परत उजवीकडे. शिवणीत दोन कडा असतात आणि दाणे दोन्हींवर आलटून पालटून धरतात, म्हणून असं होतं. पाठीकडून उघडलीत तर हे दिसणार नाही.

बाकी सगळी गंमत या शिवणी कुठे जातात त्यावर आहे. भेंडीत पाच किंवा जास्त किंजदलं आपापली मिटून शेजारी चिकटतात, सगळ्या शिवणी मधोमध येतात. म्हणून आडव्या चकतीत खण दिसतात आणि बिया मधल्या खांबाला. हा अक्षलग्न बीजकविन्यास, म्हणजे मधल्या अक्षाला धरून असलेली बियांची मांडणी. भेंडी उभी चिरली तर खण मोजताच येत नाहीत, त्यामुळे पहिला काप नेहमी आडवा.

पपईची पाच किंजदलं मिटतच नाहीत, कडेला कडा लावून एकच मोठी पोकळी करतात. शिवणी भिंतीवर, म्हणून बियाही भिंतीवर: तटलग्न. पिकलेल्या फळात बियांची इतकी दाटी होते की ओळी कळत नाहीत. कच्च्या फळात पांढऱ्या बिया नीट दिसतात. फक्त चीक झोंबतो, तेव्हा हाताला आधी तेल लावा.

मिरची मात्र पुस्तकातल्या गोल आकृतीला जुमानत नाही. देठाजवळ कापली तर दोन-तीन खण दिसतात, टोकाकडे कापली तर पडदे मध्यापर्यंत पोचतच नाहीत आणि एकच पोकळी उरते. एका कापावर निकाल देणारा इथे हमखास चुकतो. देठाजवळ, मधे आणि टोकाला असे तीन काप घ्या. बिया ज्या पांढऱ्या गरावर बसतात ती बीजकाधानी. मिरचीचा जहालपणा तयार होतो तो तिथे. बियांना उगाच बोल लावतात; त्यांना तो फक्त लागलेला असतो.

टोमॅटोतही तीच बीजकाधानी फुगून बियांभोवती पसरते. आपण ज्याला बुळबुळीत गर म्हणतो तो हाच. पिकल्यावर तो सैल होतो आणि जोड दिसत नाही, म्हणून कच्चा टोमॅटो सांगितला. खण मोजायला मात्र कुठलाही चालेल: छोट्या चेरी टोमॅटोत बहुधा दोन, मोठ्या जातींत कितीतरी.

गॅलरीतल्या कुंडीत ऑफिस टाइम नावाचं फुलझाड असेल तर त्याचं बोंडही बघा. आत पडदे नाहीत, बिया तळातून वर आलेल्या दांड्यांवर. बोंड हिरवं असतानाच चिरा. वाळलं की वरचं टोपण आपोआप सुटतं आणि बिया मातीत गेलेल्या असतात.