ठासणीची बंदूक : दारूची निवड

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग गोळी किंवा छर्रे घालून गजाने ठासायची बंदूक ती ठासणीची बंदूक. बत्ती देण्याच्या रीतीवरून तिचे तोड्याची (जळत्या दोरीने पेटणारी), चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) आणि टोपीची (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या इवल्या स्फोटक टोपीची) असे प्रकार पडतात. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत पीकरक्षणाच्या परवान्यावर बाळगली जाणारी बंदूक बहुधा टोपीची असते. तिची नळी आतून गुळगुळीत असते. नळीत पिळाच्या खाचा असलेली शिकारी ठासणी रायफल ही प्रामुख्याने अमेरिकेतली वस्तू. दोन्ही बंदुका तोंडानेच भरतात, पण त्यांची दारू वेगळी असू शकते. ती का वेगळी, हे न कळल्यामुळे माणसांनी बोटे आणि डोळे गमावले आहेत. म्हणून या नोंदीत दारूच्या निवडीचाच विचार मुख्यतः केला आहे.

काळी दारू

सोरा 75, कोळसा 15 आणि गंधक 10 टक्के हे काळ्या दारूचे रूढ प्रमाण. हे घटक ओलसर असतानाच बारीक घोटून, दाबून, मग त्यांचे दाणे पाडतात. नुसती भुकटी सारखी जळत नाही. दाण्यांमधल्या पोकळीतून ज्योत पसरते, म्हणून दाण्याचा आकार महत्त्वाचा. तोफेला जाड दाणा, बंदुकीला मध्यम, पिस्तुलाला बारीक आणि चकमकीच्या बंदुकीच्या रंजकासाठी, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या बाहेरच्या चिमूटभर दारूसाठी, सर्वांत बारीक.

या दारूचा मोठा गुण म्हणजे तिची सोशिकता. कोंडलेल्या जागी दाब वाढला तरी तिच्या जळण्याचा वेग त्या मानाने फार वाढत नाही. त्यामुळे साध्या लोखंडाची नळीही तिचा जोर सहन करते. नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1682 मध्ये मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला आणि मूठभर मराठ्यांनी तो वर्षानुवर्षे झुंजवला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकूड पोखरून, त्यावर कातडे चढवून तोफा केल्या, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. लाकडाच्या नळीतून बार उडू शकला तो दारू काळी होती म्हणून. आजच्या काडतुसांतल्या धूरविरहित दारूने त्या तोफेच्या पहिल्याच बाराला चिरफळ्या केल्या असत्या.

तिचे दोषही मोठे आहेत. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. त्यातला काही धूर होऊन डोळ्यांसमोर पडदा धरतो, उरलेला नळीत काजळी होऊन बसतो. ही काजळी हवेतला ओलावा ओढते. घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात संध्याकाळी उडवलेली बंदूक तशीच भिंतीला टेकवली, तर सकाळी नळीत तांबूस गंज दिसतो. उपाय जुना आणि पक्का आहे : साबणाचे कढत पाणी. नळीत पाणी ओतले की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि पहिले दोन-तीन हात काळेकुट्ट पाणी बाहेर येते. गजाला गुंडाळलेली चिंधी पांढरी निघेपर्यंत धुवायचे, कोरडे करायचे, मग तेलाचा हात द्यायचा. नुसत्या तेलाने हे काम होत नाही, कारण काजळीतले क्षार तेलात विरघळत नाहीत.

धूरविरहित दारू

1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसापासून) बंदुकीला चालेल अशी दारू केली. नोबेलची बॅलिस्टाइट 1887 मधली, ब्रिटिशांची कॉर्डाइट 1889 मधली. नुसते नायट्रोसेल्युलोज असेल तर ती एकघटकी, त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळले तर द्विघटकी. नायट्रोग्वानिडिनही असेल तर त्रिघटकी. ही प्रामुख्याने तोफांसाठी वापरतात. देवळालीचे तोफखाना विद्यालय नाशिककरांना नवे नाही. तिथल्या तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्या पिढ्यांनी ऐकलेला बार याच कुळातल्या दारूचा. शहराच्या इतिहासातही तिची एक नोंद आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल धूरविरहित काडतुसांचे होते. जिल्ह्याच्या रानात मात्र त्यानंतरही ठासणीत काळीच दारू भरली जात होती.

उघड्यावर चिमूटभर धूरविरहित दारूला काडी लावली, तर ती पिवळ्या ज्योतीने सावकाश जळते. काळी दारू तशीच पेटवली तर फस्सकन क्षणात उडून जाते. हे पाहणाऱ्याला नवी दारू गरीब वाटते, आणि हीच फसगत जीवघेणी ठरते. नळीत कोंडल्यावर तिच्या जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, वाढलेल्या वेगाने दाब आणखी वाढतो. शिवाय ती जवळजवळ सगळीच वायुरूप होते. काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर जुन्या नळीचे बूड किंवा निपल (टोपी बसवायची पोकळ खुंटी) उडून थेट चेहऱ्यावर येते. बारा बोअरचे काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालू नये ती याचसाठी. फटाक्यातली दारूही चालत नाही. आवाजी फटाक्यांत ॲल्युमिनियमची भुकटी असते आणि ती नळीला सावरायला वेळच देत नाही.

ठासणी रायफल आणि नवी दारू

मग धूरविरहित दारू भरायची ठासणी असते का? असते, पण ती तशी घडवलेली असावी लागते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठासणीच्या शिकारीचा हंगाम वेगळा असतो. त्या हंगामासाठी 1980 नंतर टोपी थेट दारूच्या मागे, नळीच्या रेषेत बसवलेल्या रायफली लोकप्रिय झाल्या. टोनी नाइट यांची 1985 मधली रायफल त्यांतली प्रसिद्ध. त्यातल्या बहुतेक काळ्या दारूसाठी किंवा तिच्या पर्यायांसाठीच होत्या. सॅव्हेज कंपनीने 2000 च्या सुमारास आणलेली 10 एमएल ही मात्र धूरविरहित दारूसाठीच बनवलेली होती. जाड, मजबूत पोलादाची नळी आणि बंद होणारे भक्कम बूड ही तिची ओळख. कोलोरॅडोसारख्या राज्यात ठासणीच्या हंगामात धूरविरहित दारूला बंदीच आहे, म्हणजे तिथे नळी सोसत असली तरी कायदा सोसत नाही.

अशा रायफलीसाठी दारू निवडताना पहिला आणि शेवटचा आधार म्हणजे बनवणाऱ्याची पुस्तिका. तिच्यात दारूचे नाव आणि वजन दिलेले असते, त्याबाहेर जायचे नाही. पुस्तिकेमागचे तर्क मात्र समजून घेण्यासारखे आहेत. फार जलद जळणारी दारू गोळी हलायच्या आत दाब शिगेला नेते. फार मंद दारू हलक्या गोळीमागे नीट पेटतच नाही, कारण ठासणीत गोळी काडतुसासारखी घट्ट धरलेली नसते. म्हणून निवड मधल्या वेगाच्या दारूंतून होते. जोडीला गोळीचे वजन, तिच्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण आणि टोपीचा जोर हे तिन्ही पाहावे लागते. पातळ चकत्यांची दारू सहज पेटते. गोल दाण्यांवर जळणे मंद करणारा लेप असेल तर तिला जोरकस टोपी लागते. हवामानाचाही संबंध येतो. निफाडची डिसेंबरची पहाट आणि मालेगावची मेमधली दुपार यांत तापमानाचा जेवढा फरक, तेवढ्याने काही दारूंचा दाब सहज बदलतो. थंडीत बेताचा वाटलेला बार उन्हाळ्यात जास्त होऊ शकतो.

मोजण्याची पद्धत हा निवडीचाच भाग आहे. काळी दारू मापाने, म्हणजे आकारमानाने भरतात. शिंगातून पितळी मापात आणि मापातून नळीत. धूरविरहित दारू काट्यावर तोलूनच घ्यायची. तिथे एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, आणि दोन-चार ग्रेनचा फरकही लहान नसतो. पायरोडेक्स हा काळ्या दारूचा पर्याय मापाने काळीइतकाच भरतात, पण तोच वजनाने तोलला तर बार जास्त होतो. एकाच टेबलावर दोन प्रकारचे डबे उघडे ठेवू नयेत हा साधा नियम माझ्या मते कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त जीव वाचवतो.

कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार भारतात छंदाची शिकार बंद आहे. पीक नासवणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वन खात्याची परवानगी लागते. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ठासणी पुरेशी नसल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर होऊ शकते. किती दारूगोळा बाळगायचा हे परवान्यात लिहिलेले असते. दारू घरी कुटणे हा गुन्हा तर आहेच, पण गंधक आणि सोरा कोरडे घोटताना उडालेली एक ठिणगी छप्पर नेते. जिल्ह्यातल्या परवानाधारकापुढे म्हणूनच निवडीचा प्रश्न छोटा उरतो : परवानाधारक विक्रेत्याकडची, सीलबंद डब्यातली, बंदुकीच्या दाण्याची काळी दारू.

वाड्यांतल्या जुन्या ठासण्या

नाशिकच्या जुन्या वाड्यांत आणि पाड्यांवर आजोबांच्या काळची ठासणी अजून खुंटीला दिसते. ती भरलेली असू शकते. कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. घोड्याखाली टोपी नाही याची खात्री करावी, चेहरा आणि हात नळीच्या तोंडासमोर येऊ न देता गज हलकेच आत सोडावा. तोंडाशी गजावर अंगठ्याची खूण धरून तो बाहेर काढावा आणि नळीच्या बाजूला लावून पाहावा. रिकाम्या नळीत गज बुडाच्या धातूवर टणकन वाजतो. भरलेल्या नळीत आवाज बोथट येतो आणि गज बुडापासून चार-पाच बोटे अलीकडेच थांबतो. तसे झाले, तर बंदूक पुन्हा खुंटीला न लावता, घरी उकरायला न बसता, पोलीस ठाण्यात कळवून परवानाधारक कारागिराच्या हाती द्यावी.