छप्पर एकीकडे, उपचार दुसरीकडे

मडगावच्या बाजारात पहाटे चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की बंद दुकानांच्या पायऱ्यांवरून उठणारी माणसं दिसतात. त्यातल्या एकाला मी बरेच महिने ओळखतो. पन्नाशीचा, पूर्वी बोटीवर खलाशी, म्हणजे आपल्याकडचा तारवटी. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो, तरी चहा सांडतोच. बार उघडला की हात थांबतात. लोक म्हणतात, सकाळी सकाळी ढोसायला निघाला. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत कंप सुटतो, पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके आणि भ्रम येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला 'सोड बाबा दारू' म्हणून भागत नाही. त्याला खाट आणि औषध एकाच वेळी लागतं. गोव्यात या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या वाटांनी आल्या.

आधी छपराचं. पोर्तुगीज अमदानीत निराधारांचं पाहायची ती मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था. मागाहून प्रोव्हेदोरिया ही सरकारी मदतसंस्था आली, ती आजही वृद्धाश्रम चालवते. गावात मात्र गरिबाचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर असायचं आणि त्याची मर्जी फिरली की तिथे राहणारा मुंडकार उघड्यावर. 1975 च्या मुंडकार कायद्याने हे थांबवलं. हजारो कुटुंबांच्या दृष्टीने तो फार मोठा कायदा होता. पण शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा बिगारी त्यात बसत नव्हता. रस्त्यावर आलेल्यासाठी त्याआधीच, 1972 मध्ये, भीक प्रतिबंधक कायदा झाला होता. त्यामुळे त्याची गाठ पडायची ती पोलिसांशीच.

त्यानंतर शहरांत माणसं वाढत गेली. बांधकामं, हॉटेलं, 1998 मध्ये पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे. 2004 च्या पावसाळ्यात वास्कोतल्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली गेली. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या. ट्रकवाले आणि बार्जवरचे कामगार हप्त्यांसकट घरी बसले.

दारूचं बोलताना लोक लगेच फेणीवर येतात. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान मलाही आहे. पण त्या पायऱ्यांवर सकाळी ज्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात त्या स्वस्त व्हिस्कीच्या क्वार्टरच्या.

उपचाराची वाट निराळी. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवर 1957 मध्ये संमोहनविद्येचे गोमंतकीय अभ्यासक आबे फारिया यांच्या नावाने मनोरुग्णालय निघालं. 1980 मध्ये त्याची मानसोपचार संस्था झाली, ती आता बांबोळीला आहे. 1996 मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक सुरेख प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले : तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, न मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांचं. जगभर त्याची दखल घेतली गेली. फक्त तो प्रयोग अपायकारक पिणाऱ्यांवर होता. ज्यांना व्यसन पुरतं जडलंय त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. चहा सांडणारा माणूस तिथेही बाहेरच राहिला असता.

2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा होता. प्रमाण ठरलं दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान 100 माणसांची सोय. 2011 च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या सुमारे 40 हजार आणि मडगाव पालिकेची सुमारे 88 हजार. मोठ्या शहरांकडे पाहून आखलेल्या या हिशेबात आमची गावं लहानच ठरतात. निवारा मिळालाच, तरी प्यायलेल्याला आत कोण घेणार?

त्या तारवट्याला आम्ही दोघंतिघं एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेलो होतो. पहिला प्रश्न आला, सोबत नातेवाईक कोण? शेवटी मी सही केली. बारा दिवसांनी तो बाहेर आला तेव्हा हात स्थिर होते, दाढी केलेली, खिशात गोळ्यांची पुडी. फाटकावर पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, उभा होता. त्याने विचारलं, "खंय वचपाचें?" म्हणजे कुठे जायचं?

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग बाजाराचं नाव सांगितलं.