पंचगंगेचं पाणी आणि प्रागचे फादर बोल्झानो

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बंधाऱ्याला किती फूट?" राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. समजा, रात्री झोपताना पाणी 38 फूट 6 इंच होतं आणि उठल्यावर 39 फूट 4 इंच झालं. मधल्या कुठल्या तरी क्षणी ते बरोबर 39 फुटांवर होतं, हे सांगायला कुणाला गणित लागत नाही. पाणी चढतं, उडी मारत नाही.

हे सिद्ध केलं पाहिजे, असं मात्र प्रागमधल्या एका कॅथलिक धर्मगुरूंना वाटलं. बर्नार्ड बोल्झानो, जन्म 5 ऑक्टोबर 1781. वडील इटलीहून आलेले कलावस्तूंचे व्यापारी. बारा भावंडांपैकी मोठी झाली ती दोनच. 1805 मध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि प्रागच्या विद्यापीठात धर्म हा विषय शिकवू लागले. गणित सुटलं नाही.

1817 मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका छापली. एखादी राशी न तुटता बदलत असेल, सुरुवातीला शून्याखाली आणि शेवटी शून्याच्या वर असेल, तर मध्ये ती कुठेतरी शून्य होतेच, याची ती सिद्धता. तोवर गणिती आलेख काढून दाखवायचे: रेघ अक्षाखालून वर गेली, म्हणजे ओलांडलीच. बोल्झानोंचं म्हणणं, चित्र म्हणजे पुरावा नव्हे.

हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे डोळा खरोखर फसतो. जगात फक्त अपूर्णांक आहेत असं धरा, आणि ज्याचा वर्ग 2 येतो अशी संख्या शोधा. 1.4 चा वर्ग 1.96, कमी पडला. 1.5 चा 2.25, जास्त झाला. 1.41 चा 1.9881, 1.42 चा 2.0164. असं कितीही बारीक जा, वर्ग नेमका 2 येईल असा अपूर्णांक मिळतच नाही. दोन अपूर्णांकांमध्ये आणखी अगणित अपूर्णांक असतात, पट्टी खच्चून भरलेली दिसते, आणि नेमक्या हव्या त्या जागी भोक! तेव्हा '39 फूट मध्ये लागणारच' या आपल्या खात्रीमागे संख्यारेषेला कुठेही भोक नाही हे गृहीत असतं. अडचण इथेच आहे, हे बोल्झानोंनी ओळखलं. अंतर पुन्हा पुन्हा निम्मं करत हव्या त्या संख्येला घेरायची युक्ती त्यांनी वापरली. त्याखालचा पक्का पाया 1872 च्या सुमारास डेडेकिंड आणि कँटर या जर्मन गणितज्ञांनी घातला. बीएस्सीला गणित घेतलेल्या मुलांना बोल्झानो-वायरश्ट्रास प्रमेय भेटतं, त्यातले बोल्झानो हेच; वायरश्ट्रास हे नंतरचे जर्मन गणिती.

व्यासपीठावरून ते युद्धाविरुद्ध आणि माणसांच्या समानतेबद्दल बोलत. विद्यार्थी गर्दी करत, व्हिएन्नाच्या दरबाराला ते खुपलं. 1819 च्या अखेरीस सम्राटाच्या हुकमाने त्यांची नोकरी गेली, लेखन छापण्यावरही बंधनं आली. पुढची बरीच वर्षं हॉफमन नावाच्या स्नेही कुटुंबाने त्यांना गावाकडच्या आपल्या घरी आसरा दिला. तब्येत कायमची नाजूक, तरी लिहिणं थांबलं नाही.

त्याच काळात, 1830 च्या सुमारास, त्यांनी एक विलक्षण रेघ रचली. एक तिरकी रेघ घ्यायची, तिच्या जागी वर-खाली जाणारे चार तुकडे बसवायचे, मग त्या प्रत्येक तुकड्याच्या जागी पुन्हा चार, असं अखंड. पन्हाळ्याच्या घाटात वळणं कितीही असली तरी दोन वळणांमध्ये रस्ता थोडा तरी सरळ असतो. या रेघेत तेवढीही सरळ जागा उरत नाही. ती कुठेच तुटत नाही, पण तिच्यावर कुठल्याही बिंदूपाशी चढ किती, हे सांगता येत नाही. अशा रेघेचं उदाहरण म्हणून नाव झालं ते वायरश्ट्रास यांचं, 1872 मध्ये.

बोल्झानो 18 डिसेंबर 1848 रोजी वारले. अनंताविषयीचं त्यांचं पुस्तक तीन वर्षांनी एका शिष्याने छापून आणलं, आणि पुढे कँटरनी ते वाचून त्याची दखल घेतली. ती रेघ मात्र व्हिएन्नातल्या ग्रंथालयात त्यांच्या हस्तलिखितांमध्ये पडून राहिली. 1920 च्या आसपास कुणीतरी ते कागद उलगडले, तेव्हा ती सापडली.