बूस्टचा काटा सगळं सांगत नाही
इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक (टर्बाइन) फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने (कॉम्प्रेसर) बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, ही टर्बोची कल्पना. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद वाढते.

पण एका टर्बोला सगळं जमत नाही. छोटा टर्बो चटकन वेग घेतो, मात्र इंजिन जोरात फिरू लागलं की त्याच्या अरुंद टर्बाइनपाशी धूर तुंबतो. मोठ्याचं उलट. घाटात पाय दाबूनही गाडी क्षणभर ढिम्म राहते, तो बहुतेकदा त्याचाच आळस. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये ‘५३५डी’च्या तीन लिटरच्या डिझेल इंजिनावर छोटा आणि मोठा असे दोन टर्बो एकामागे एक बसवले आणि २७२ हॉर्सपॉवर काढले.

अशा जोडणीत दाबांची बेरीज नाही, गुणाकार होतो. मोठ्याने दाब दुप्पट केला, छोट्याने पुन्हा दुप्पट केला, की झाला चौपट. मग हेच एका दमात का करू नये? हिशेब मांडू. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर २७ अंशांची हवा एकदम चौपट दाबल्यावर सुमारे २२० अंशांवर जाते. दोन टप्प्यांत केलं तर पहिल्यानंतर ती ११५ अंशांवर येते. मध्ये हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरने ५० पर्यंत उतरवली, तर शेवटी १४५ च्या आसपासच थांबते. दाबायला लागणारं कामही सहा-सात टक्क्यांनी वाचतं. ही बचत धुरातून काढून घ्यायच्या ऊर्जेत होते, म्हणून मोलाची.

आता ट्यूनिंग, म्हणजे या सगळ्याची जुळवाजुळव. बूस्ट, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा वाढलेला दाब, किती आला हे सगळेच बघतात. माझ्या मते खरी परीक्षा टर्बाइनच्या आधीच्या धुराच्या दाबाची आहे. तो आत येणाऱ्या हवेच्या दाबाहून बराच वर गेला, तर पिस्टनला धूर ढकलून बाहेर काढावा लागतो, आणि बूस्टने कमावलेलं तिथेच खर्ची पडतं. म्हणून छोट्या टर्बाइनला वळसा घालून धूर मोठ्याकडे नेणारी झडप कधी आणि किती उघडायची, यावर बरंच अवलंबून असतं. लवकर उघडली तर पिकअप पडतो, उशिरा उघडली तर डिझेल जास्त जळतं.

जहाजांच्या इंजिनांत यापुढची एक युक्ती वापरतात. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचण्याआधीच बंद करतात. आत अडकलेली हवा प्रसरण पावून थंड होते, ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. मात्र कमी वेळात पुरेशी हवा भरायला दाब खूप लागतो, तो दोन टप्प्यांचा टर्बो देतो. फिनलंडच्या वार्टसिला कंपनीच्या ‘३१’ या इंजिनाला २०१५ मध्ये सर्वांत कार्यक्षम फोर-स्ट्रोक डिझेल म्हणून गिनीजची नोंद मिळाली, ती याच जोडीवर. एका किलोवॅट-तासाला किमान १६५ ग्रॅम इंधन, म्हणजे इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कामी.

हवा थंड करायलाही मर्यादा आहे. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रावरची ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा चौपट दाबली, तर तिच्यातली वाफ ५२ अंशांच्या आसपासच पाणी होऊ लागते. हे थेंब सिलिंडरपर्यंत गेले तर गंज आणि झीज ठरलेली. त्यामुळे कूलरनंतर पाणी अडवणारी जाळी आणि निचऱ्याची नळी बसवतात, आणि दमट हवेत कूलरचं तापमान मुद्दाम थोडं चढंच ठेवतात.