कोन कळतो, जागा कळत नाही: मोशन कंट्रोलवर पैसे घालावेत का?

२००६ च्या नोव्हेंबरात निन्टेंडोचा 'वी' हा कन्सोल आला, तेव्हा त्याच्यासोबत टीव्हीजवळ ठेवायची एक लांबट पट्टी मिळायची. तिचं नाव 'सेन्सर बार'. या नावामुळे एक गैरसमज रुजला आणि तो अजून टिकून आहे: पट्टी आपल्या हाताकडे बघते. प्रत्यक्षात त्या पट्टीत एकही सेन्सर नव्हता. दोन टोकांना अवरक्त प्रकाश देणारे एलईडी होते, एवढंच. बघणारा कॅमेरा हातातल्या रिमोटच्या तोंडाशी बसवलेला होता. पट्टी काढून तिथे वीतभर अंतरावर दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी पडद्यावरचा बाण हलायचा, कारण ज्योतही अवरक्त किरण सोडते आणि रिमोटला हवे असतात ते दोन ठिपके. ठिपक्यांमधलं अंतर कमी दिसलं की खेळणारा मागे सरकलाय, ठिपके तिरके दिसले की रिमोट कलला आहे, इतका सरळ हिशेब.

मोशन कंट्रोल, म्हणजे हाताच्या हालचालीने खेळ चालवणारा कंट्रोलर, विकत घ्यावा का, या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. कोण कुणाकडे बघतंय? आणि कुणीच कुणाकडे बघत नसेल, तर कंट्रोलरला हाताविषयी नेमकं काय कळतं? आजच्या साध्या कंट्रोलरला आपण किती अंशांनी वळलो हे फार छान कळतं. आपण खोलीत कुठे आहोत हे जवळजवळ कळत नाही. ज्या खेळाला कोन पुरतो तिथे मोशन कंट्रोल अंगठ्याने ढकलायच्या स्टिकपेक्षा सरस ठरतो. ज्याला हाताची जागा हवी, तिथे कॅमेऱ्याची जोड नसेल तर पैसे घालू नयेत.

जागा का कळत नाही? कंट्रोलरमधला त्वरणमापी म्हणजे सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं एक सूक्ष्म वजन. कंट्रोलरला हिसका बसला की वजन मागे राहतं, ते किती मागे राहिलं यावरून त्वरण कळतं. शाळेतलं गणित सांगतं की त्वरणाची काळानुसार बेरीज केली की वेग मिळतो, वेगाची बेरीज केली की अंतर. कागदावर हे बिनचूक आहे. पण चूकही दोनदा बेरजेत जाते. समजा सेन्सर गुरुत्वीय त्वरणाच्या फक्त एक हजारांश इतका सतत चुकतोय. दहा सेकंदांत कंट्रोलरला वाटतं की आपण अर्धा मीटर सरकलो. एका मिनिटात साडेसतरा मीटर. टेबलावर निवांत पडलेला असताना!

खरी परिस्थिती याहून बिकट असते, कारण त्वरणमापीला गुरुत्वाकर्षण आणि हिसका यांतला फरक ओळखता येत नाही. गुरुत्वाकर्षण वजा करायचं तर खाली कुठे आहे ते ठाऊक हवं. त्या अंदाजात एका अंशाची चूक झाली तर ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं खोटं त्वरण शिल्लक उरतं. एका सेकंदात साडेआठ सेंटिमीटर, पाच सेकंदांत दोन मीटर. महागडा सेन्सर हा काळ थोडा लांबवतो, इतकंच.

त्यात सेन्सरची मोजण्याची मर्यादा अपुरी पडते ती वेगळीच. पहिल्या वी रिमोटमधला त्वरणमापी साधारण ३ जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या तिपटीपर्यंत, मोजायचा. टेनिसच्या फटक्यात खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर असलेली मूठ सेकंदाला १० रेडियन (सुमारे ५७० अंश) वेगाने फिरली, तर केंद्राकडचं त्वरण ६० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ६ जी होतं. माप ३ जीवरच कापलं जायचं. जोरात मारलेला आणि फार जोरात मारलेला फटका त्या रिमोटला सारखेच दिसायचे. त्यामुळे सोफ्यावर बसून मनगटाचा हलका झटका देणारा आणि अख्खा हात फिरवणारा सारखेच गुण मिळवायचे.

आता कोनाकडे वळू. इथलं यंत्र इतकं देखणं आहे की त्यासाठी थोडा वेळ काढायलाच हवा.

जायरोस्कोप म्हटलं की फिरती चकती डोळ्यांसमोर येते. कंट्रोलरमधल्या जायरोत फिरणारं काहीच नसतं. असतो तो थरथरणारा सिलिकॉनचा तुकडा. भूगोलात आपण शिकलेलो असतो की पृथ्वी फिरते म्हणून वारे सरळ न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतात. कोरिऑलिस परिणाम तो हाच. फिरत्या तबकडीवर मध्यापासून काठाकडे सरळ चालू पाहणाऱ्याला कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटतं. चालणं थांबवलं की हा बाजूचा धक्का नाहीसा होतो. तबकडी थांबवली तरी नाहीसा होतो. म्हणजे धक्क्यासाठी दोन्ही गोष्टी लागतात, स्वतःचा वेग आणि खालच्या जमिनीचं फिरणं. आपला वेग ठाऊक असेल, तर धक्का मोजून जमीन किती वेगाने फिरतेय ते काढता येतं.

जायरोत नेमकं हेच केलेलं असतं. चिपमधलं चिमुकलं वस्तुमान विजेच्या ओढीने सेकंदाला वीस-तीस हजार वेळा मागेपुढे हलवत ठेवतात. हे त्याचं 'चालणं'. तुम्ही मनगट वळवलंत की त्या वस्तुमानाला हलण्याच्या दिशेशी काटकोनात धक्का बसतो आणि ते कडेला झुलू लागतं. धक्का केवढा? वीस हजार वेळा, पाच मायक्रॉन आवाक्याने हलणारं वस्तुमान धरू. त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. कंट्रोलर सेकंदाला एक अंश वळला, तर कोरिऑलिस त्वरण ०.०२२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेचारशेव्या भागाइतकं. कडेच्या झुलण्याची नैसर्गिक वारंवारता मुख्य कंपनापासून एक किलोहर्ट्झ (सेकंदाला हजार कंपनं) दूर ठेवली असेल, तर वस्तुमान बाजूला सरकतं ते नॅनोमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाने. सिलिकॉनच्या अणूच्या व्यासाचा दहावा हिस्साही भरत नाही हा! आणि तरी ते मोजलं जातं. वस्तुमानाला कंगव्यासारखे दाते असतात, ते स्थिर कंगव्याच्या दात्यांमध्ये बसवलेले असतात. दात्यांमधलं अंतर बदललं की विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. अनेक दात्यांची धारिता एकत्र जोडून आणि मुख्य कंपनाच्या तालावर जे येतं तेवढंच निवडून बाकीचा गोंगाट टाकून देतात.

एकच वस्तुमान ठेवलं तर कंट्रोलरला बसलेला साधा धक्काही वळण म्हणून नोंदला जाईल. म्हणून वस्तुमानांची जोडी ठेवतात आणि दोघांना विरुद्ध दिशांना हलवतात. वळण आलं की दोघं उलट बाजूंना झुलतात, धक्का बसला की एकाच बाजूला. वजाबाकी केली की धक्का जातो आणि वळण उरतं. माशीने हाच उपाय कोट्यवधी वर्षांपूर्वी अंगी बाणवला आहे. तिच्या मागच्या पंखांचे मुद्गरासारखे दोन दांडे झालेले असतात. ते पंखांच्या लयीत हलतात आणि शरीर वळलं की त्यांच्या बुडाशी असलेल्या चेतातंतूंना ते जाणवतं. दांडे काढले तर माशीला तोल सांभाळून उडता येत नाही.

जायरो देतो तो वळण्याचा वेग. कोन काढायला एकदाच बेरीज लागते. त्वरणमापीला दोनदा लागायची, म्हणून तिथे चूक बेसुमार वाढायची. इथे ती सावकाश वाढते. स्थिर असतानाही जायरो सेकंदाला ०.१ अंश वळण दाखवत असेल, तर मिनिटाला कोन सहा अंशांनी सरकतो. चिप गरम झाली की ही चूक बदलते, म्हणून खेळ सुरू केल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत सरकणं जास्त जाणवतं.

यावर तोड अशी: कमी वेळात जायरोवर भरवसा ठेवायचा, लांब पल्ल्यात त्वरणमापीवर. दर क्षणी नवा कोन ठरवताना ९८ टक्के वजन जायरोला आणि २ टक्के त्वरणमापीला दिलं, तरी पुढे-मागे झुकणं आणि डावी-उजवीकडे कलणं या दोन्ही चुका गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने पुसल्या जातात. तिसरी मात्र राहते. कंट्रोलर आडवा धरून डावी-उजवीकडे वळवला, तर गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याच्या दृष्टीने तीच राहते. त्वरणमापीला काही कळतच नाही. ही चूक सुधारायला बाहेरची खूण लागते: कॅमेरा, अवरक्त ठिपके किंवा होकायंत्र. त्यांपैकी काहीच नसेल तर 'मध्यावर आणा' असं एक बटण लागतं. त्या बटणाची सोय नसलेला मोशनचा खेळ अर्ध्या तासात वैताग देतो.

इथेच एका अंधश्रद्धेचा समाचार घेऊ. सरकणं थांबावं म्हणून कंट्रोलर हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ती क्रिया होकायंत्राच्या सेन्सरसाठी आहे, आणि निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनसारख्या कंट्रोलरमध्ये तो सेन्सरच नाही. जायरोला हवी असते ती याच्या अगदी उलट गोष्ट: संपूर्ण स्थिरता. कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवा, सेटिंगमधलं कॅलिब्रेशन (शून्य नव्याने ठरवणं) चालवा, दहा सेकंद हात लावू नका. गादी, मांडी किंवा स्पीकर ठेवलेलं टेबल चालणार नाही. काही कंट्रोलर आपोआप कॅलिब्रेट होत राहतात. तिथे फार सावकाश, एकसारखं वळवलं तर ते वळणच चूक समजून पुसलं जातं आणि नेम मागे खेचल्यासारखा वाटतो. स्टिक आपोआप सरकणं हा आजार वेगळा आहे. सर्वसाधारण स्टिकमध्ये तो आतल्या घर्षणाने झिजणाऱ्या पट्ट्यांमुळे होतो. जायरोच्या कॅलिब्रेशनने तो जात नाही. खोक्यावरच्या 'सहा अक्ष', 'नऊ अक्ष' या आकड्यांनीही दिपून जाऊ नका. अवकाशाला अक्ष तीनच. प्रत्येक सेन्सरचे तीन-तीन मोजून हा आकडा फुगतो.

मग फायदा कुठे? सर्वांत मोठा नेम धरण्यात. स्टिक ढकलली की दृश्य ठरावीक वेगाने वळत राहतं आणि योग्य क्षणी ती सोडावी लागते. दृश्य सेकंदाला २०० अंशांनी वळत असताना सोडायला सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला, तर नेम दहा अंश पुढे गेला. जायरोत मनगट जेवढं वळेल त्या प्रमाणात दृश्य वळतं आणि मनगट थांबलं की थांबतं, माऊससारखं. म्हणून मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटचे काही अंश मनगटाने. सुरुवात दुप्पट-तिप्पट प्रमाणाने करा: मनगट दहा अंश, दृश्य वीस-तीस अंश. हालचाल गुळगुळीत करणारं 'स्मूदिंग' बंद ठेवा, त्याने उशीर वाढतो. 'डेड झोन', म्हणजे दुर्लक्षिल्या जाणाऱ्या हालचालीची मर्यादा, शून्याजवळ आणा, नाहीतर बारीक हालचाली गिळल्या जातात. जायरो तात्पुरता बंद करणारं एक बटण ठेवा. माऊस उचलून परत मध्ये ठेवतो तसं हात सरळ करायला ते लागतं. खेळाची नेमाला मदत करणारी सोय कमी करा, ती जायरोशी झगडते आणि नेम चिकटल्यासारखा होतो. टीव्ही 'गेम मोड'वर टाका, नाहीतर चित्रावरच्या प्रक्रियेतच हालचाल उशिरा दिसेल. पहिल्या तासावरून मत बनवू नका.

आणि हे सगळं बहुधा तुमच्या घरात आधीच आहे. प्लेस्टेशनचे ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्स, जॉय-कॉन, स्विचचा प्रो कंट्रोलर, हातात धरायचा स्टीम डेक, या सगळ्यांत जायरो असतो. एक्सबॉक्सच्या २०२० च्या अधिकृत कंट्रोलरमध्ये मात्र नाही. स्वस्तातले वायरवाले कंट्रोलर पुष्कळदा तो वगळतात. खोक्यावरच्या 'व्हायब्रेशन'चा मोशनशी संबंध नाही. कन्सोलवर खेळ बनवणाऱ्याने सोय दिली असेल तरच जायरो चालतो. संगणकावर स्टीम या खेळांच्या दुकान-अ‍ॅपच्या सेटिंगमधून तो माऊस म्हणून जोडता येतो, पण काही खेळ माऊस आणि कंट्रोलर एकत्र स्वीकारत नाहीत आणि पडद्यावरची बटणांची चिन्हं सतत बदलत राहतात.

जागा हवी असेल तर कॅमेरा. २०१० च्या प्लेस्टेशन मूव्हच्या टोकाला चमकता गोळा होता. कॅमेऱ्याला तो केवढा दिसतो यावरून अंतर काढत. त्याच वर्षीचा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा कॅमेरा कंट्रोलरशिवाय शरीर बघायचा, पण त्याला समोर दोन-अडीच मीटर मोकळी जागा लागायची आणि सेकंदाला तीसच चित्रं घ्यायचा. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आज हे काम आभासी वास्तवाच्या हेडसेटवरचे कॅमेरे उत्तम करतात. हात पाठीमागे गेला की कॅमेऱ्यांना दिसत नाही, तेवढे क्षण कंट्रोलरमधले सेन्सर सांभाळून घेतात, मग वर सांगितलेली बेरीज बिघडते आणि हात तरंगू लागतो. तलवार, मुष्टियुद्ध, तिरंदाजी खऱ्या अर्थाने हवी असेल तर पैसे इथे घाला.

व्यायामाच्या जाहिरातींवर मात्र जपून विश्वास ठेवा. वीच्या खेळांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बसून खेळण्यापेक्षा ऊर्जा जास्त खर्च झाली, पण खऱ्या खेळाइतकी नाही. स्विचच्या रिंग फिटसारख्या, कडं दाबून व्यायाम करायच्या साधनात कड्यावरचा दाब प्रत्यक्ष मोजला जातो, म्हणून तिथे मनगटाच्या झटक्याने फसवता येत नाही. एकाच हातात कंट्रोलर धरायच्या नाचाच्या खेळात पाय हलले काय, न हलले काय, गुण हातालाच मिळतात.

मनगटाचा पट्टा घालाच. पहिल्या वी रिमोटचे बारीक पट्टे तुटून रिमोट उडू लागले, तेव्हा निन्टेंडोने डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवली होती.

जुना कंट्रोलर घेत असाल तर पैसे देण्याआधी एवढं करा. कॅलिब्रेट करून जायरोने नेम धरता येणारा खेळ लावा, नेम एका खुणेवर आणा, कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि एक मिनिट थांबा. नेम अंश-दोन अंश सरकला तर ठीक. मग पाच-सहा वेळा जोरात हलवून त्याच जागी परत आणा. पुढे-मागे झुकण्याची चूक काही सेकंदांत आपोआप भरून यायला हवी. पंधरा मिनिटं खेळून झाल्यावर टेबलावरची चाचणी पुन्हा घ्या. तेव्हा सहा अंशांहून जास्त सरकत असेल आणि परत कॅलिब्रेट करूनही फरक पडत नसेल, तर तो घेऊ नका.