इस्ट्रोजेन ग्राही आणि नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती

रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. या अस्तरपेशींतल्या ग्राहींना, म्हणजे संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनांना, इस्ट्रोजेन हे संप्रेरक जोडले गेले की त्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त प्रमाणात तयार करतात. वायू लगतच्या स्नायूंत शिरतो, तिथे सीजीएमपी हा रेणू वाढतो, स्नायू सैल पडतात आणि वाहिनी रुंदावते. वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून तो सतत तयार होत राहावा लागतो. त्याच्या या कार्याच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इस्ट्रोजेन ग्राहींचे मुख्य प्रकार अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध १९९६ साली लागला. अस्तरपेशींत मुख्य काम अल्फाचे. त्याची एक वाट संथ आहे: पेशीकेंद्रात जाऊन तो जनुकांच्या कामावर परिणाम करतो आणि ईनॉस हे वायू बनवणारे एन्झाइम वाढते. याला काही तास ते दिवस लागतात.

दुसरी वाट काही मिनिटांची, आणि खरे नवल तिचेच आहे. पेशीच्या आवरणावर सूक्ष्म खळगे असतात. तिथे ईनॉस केव्हिओलिन या प्रथिनाला चिकटून गप्प पडलेले असते. अल्फा ग्राहींपैकी थोडे पामिटेट या मेदाम्लाच्या आधाराने याच खळग्यांत रोवलेले असतात. इस्ट्राडायॉल हे मुख्य इस्ट्रोजेन जोडले गेले की सार्क, पीआय-३ कायनेज आणि एकेटी ही एन्झाइमे एकापाठोपाठ जागी होतात. एकेटी ईनॉसच्या साखळीतील ११७७ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवते आणि आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून वायू बनण्याचा वेग वाढतो. यात जनुकांना हातही लागत नाही.

हे फक्त स्त्रियांपुरते आहे असे समजणे चूक ठरेल. १९९४ साली अल्फा ग्राही निकामी असलेल्या एका तरुण पुरुषाची नोंद झाली. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होते, पण दंडाची धमनी रक्तप्रवाह वाढला तरी रुंदावत नव्हती. अस्तराच्या मदतीशिवाय थेट स्नायू सैल करणारे नायट्रोग्लिसरीन हे औषध दिल्यावर मात्र ती रुंदावली. म्हणजे स्नायू ठीक होते. अस्तराकडून वायूच पुरेसा मिळत नव्हता.

गर्भारपणात गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, त्यातही या यंत्रणेचा वाटा असतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि अस्तराची ही क्षमताही मंदावते. मग बाहेरून इस्ट्रोजेन दिले की हृदय सुरक्षित राहील, असे वाटणे स्वाभाविक होते. पण अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) एकत्र घेणाऱ्या, सरासरी ६३ वर्षांच्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. चाचणीचा तो भाग २००२ साली थांबवावा लागला. या वयात धमन्यांत बहुधा मेदाचे थर साचलेले असतात. कोलेस्टेरॉलपासून बनणारे २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल तिथे ग्राहीची जागा अडवते, आणि इस्ट्रोजेन असूनही वायूची निर्मिती कमी पडते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.