ओरडल्याने हिमकडा कोसळतो का?

हिवाळ्यात नागपूरहून मनाली-गुलमर्गची तिकिटं निघाली की कुटुंबाच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘बर्फाळ डोंगरात मोठ्याने बोलू नका, आवाजाने हिमस्खलन होतं.’ सिनेमात तसंच दाखवतात, त्यामुळे पटतंही.

हिशेब करून बघा. जवळून मारलेली जोरदार आरोळी म्हणजे साधारण 100 डेसिबल, हवेत जेमतेम 2 पास्कल दाब. 60 किलोचा माणूस बूट घालून उभा राहिला तर पायाखालचा दाब 10,000 पास्कलच्या पुढे जातो. म्हणूनच धोका असलेला बर्फ मुद्दाम पाडायचा असेल तर स्फोटकं वापरतात, भोंगे नाही.

खरा घात वेगळाच, आणि तो मेसेजमध्ये नसतो. उबदार, ओलं वादळ आलं की आधीच्या हलक्या भुसभुशीत बर्फावर जड, ओला बर्फ किंवा चक्क पाऊस पडतो. वजन वाढतं, आणि पाणी झिरपून कणांची पकड सुटते. नागपूरच्या फुटाळा तलावावर बर्फाचा गोळा खाल्लाय ना? सरबत जास्त झालं की गोळा काडीवरून सटकतो, तसंच काहीसं. ‘थंडी कमी झाली, आता चला फिरायला’ हा विचार म्हणूनच महागात पडू शकतो.

तपासायचं कसं? हिमस्खलने बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. फोनमधल्या कोनमापकाने उतार कळतो, मात्र तो लांबूनच मोजा. निघण्याआधी त्या भागाचा हिमस्खलनाचा इशारा वाचा. गप्पा खुशाल मारा.